पुलाच्या सह्या परदेशी गेल्या त्याची हकीकत

चि. भोंग्यास मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत बरीच असणार. टीव्हीवर गाल चांगले वर आलेले दिसतात. मीही गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. (पत्र नात लिहून घेते आहे. तिला सातवा महिना लागलाय, बसून करायचं काम हवंच होतं.) लहानपणी रडून सगळी आळी उठवायचास, म्हणून आम्ही तुला भोंगा म्हणायचो. तोच आवाज आता संसदेत कामी आला, त्याबद्दल आधी आभार मानते, मग कान धरते.

तुझ्या कचेरीतून सह्यांसाठी कागदांचे दोन गठ्ठे आले होते. एक आपल्या खचलेल्या पुलासाठी, दुसरा त्या परदेशातल्या मास्तराला सोडवण्यासाठी. (शाळेचं छप्पर कुठे गेलं, असं चारचौघांत विचारलं म्हणून त्याला आत टाकला. आपल्याकडे विचारलं तर कुणी आत टाकत नाही, नुसतं उत्तर देत नाहीत. केवढं हे स्वातंत्र्य!) मला अक्षरओळख नाही, तुला ठाऊकच आहे. मी मास्तराचा गठ्ठा पुलाचा समजून दारोदार फिरवला, आणि पुलाचा गठ्ठा जास्तीचा म्हणून फडताळात डब्यांखाली अंथरला. (नात लिहायची थांबून माझ्याकडे बघते आहे. लिही गं.) मी एक अडाणी, पण लोहार, शिंपी, पूल झाला तर ज्याचा धंदा बसणार तो नावाडी, खुद्द हेडमास्तर, एकानेही वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. हेडमास्तरांनी तर दोनदा सही केली, पहिली मनासारखी आली नाही म्हणून.

तू बोलणार त्या दिवशी सगळी आळी शिंप्याच्या दुकानात टीव्हीसमोर जमली. तू उठलास, आमच्या सह्या हवेत हलवल्यास आणि मास्तराच्या मानवी हक्कांवर जे बोलत सुटलास, ते पुलापर्यंत काही पोहोचला नाहीस. लोहार माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, पूल नक्की कुठल्या देशात बांधतोय तुमचा भाचा?" पुढे पंधरा दिवस माझ्याशी कुणी धड बोलेना. शिंप्याने माझं पोलकं उसवलेलंच परत पाठवलं.

आणि मग मास्तर सुटला! गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, ते हेडमास्तरांनी नदीच्या काठावर सगळ्यांना उलगडून सांगितलं. कोठडीत त्याला आपली यादी दाखवली होती. नावं त्याला वाचता येईनात, पण एक तिरका, घसरलेला अंगठा बघून म्हणे वर्षात पहिल्यांदा हसू आलं. (तो अंगठा माझा.) लोहाराने नाक शिंकरलं नि म्हणाला, "पुन्हा मागा सही, आजी. या खेपेला वाचून करतो." शिंपी तर पोलकं मागायला घरी आला. भोंग्या, तुझ्यामुळे एक माणूस स्वतःच्या घरी, स्वतःच्या ताटात जेवला. तुझं भलं होवो. हे बघायला तुझी आई हवी होती रे.

तुझी,
मावशी

ता. क. मास्तराने विचारलं, उपकार कसे फेडू? मी कळवलं, तुमच्या गावात सह्या घ्या आणि तुमच्या संसदेला आमच्या पुलाबद्दल चिंता करायला लावा. इथली ओरड इथे ऐकू येत नाही, लांबून आली की येते, हे तूच दाखवलंस. त्यांची चिंता येऊन पोहोचली की जरा दचकल्यासारखं कर.

आणखी ता. क. दोन महिन्यांत पूल होत नाही, एवढं मलाही कळतं. पण आरोग्य खात्याची मोटारबोट वरच्या धक्क्यावर ताडपत्रीखाली पडून आहे. ती आमच्या काठाला आणून उभी कर. पाणी चढलं की नावाडी नाव सोडत नाही, आणि इस्पितळ पलीकडे आहे. पत्र त्यासाठीच लिहिलंय.

मामा, एवढं माझं. हे आजीला वाचून दाखवणार नाही. गठ्ठे चुकून बदलले नव्हते. दोन्ही मीच तिला आधी वाचून दाखवले होते. ती म्हणाली, "पुलासाठी सगळेच सही करतील, त्या परक्या माणसासाठी कोण करणार? म्हणून त्यालाच पुलाचं नाव सांगू." तेव्हा बाळाचं मलाच माहीत नव्हतं. कळल्यापासून ती रोज काठावर जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघून येते, आणि मला सांगते, नावाड्याशी गप्पा मारत बसले होते. बोट पाठवा. पाठवता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तिला वाचून काय दाखवायचं, ते मी बघीन.