हळद लागलेला सर्व्हर

कुपवाड,
गुरुवार, दुपार

प्रिय नागसेन,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन हातात धरून बराच वेळ बसले. दुसरं काही सुचेना म्हणून राहू दिलं. तुझा मेसेज येऊन आज सोळा दिवस झाले. अकरा वर्षांत पहिला, आणि तोही दोन ओळींचा. ऑफिसचा जुना सर्व्हर मी पुन्हा चालू करतेय हे तुला दादासोंच्या जयराजकडून कळलं. त्यात माझ्या फोल्डरमध्ये तुझी एक फाईल असेल, ती न वाचता पुसून टाकायची. कशी आहेस, जिवंत आहेस का, काही नाही. मीही अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. पण ते पुसणं अंगठा दाखवण्याइतकं सोपं निघालं नाही, आणि का निघालं नाही ते फोनवर लिहिण्यासारखं नाही. तुझ्या नावापुढे तुझ्या लेकीचा फोटो दिसतो; फोनही निम्मा वेळ तिच्याच हातात असणार. म्हणून हे पत्र, तेही तुझ्या बेंगळुरूच्या ऑफिसच्या पत्त्यावर. माझ्या अक्षराला तू नावं ठेवायचास, ते अजून तसंच आहे. सावकाश वाच.

आधी इकडचं सांगते. दादासोंचे गुडघे गेले, ते आता घरी बसून फोनवरून मालकी करतात. जयराजने ऑफिस साताऱ्याला नेलं. तिथे काचेची केबिन आहे, पाच-सहा पोरंपोरी आहेत, सगळी कानात काहीतरी खुपसून बसतात. मलाही चला म्हणाला होता. रोज एवढं कोण जाणार, असं सांगून मी नाही म्हटलं. खरं कारण तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. इथे आता खाली हळद दळायची गिरणी आणि गोदाम राहिलंय, आणि वर मी. टेबलं सहाच्या सहा आहेत, तुझं धरून. चहावाला अजून रोज दारात उभा राहून विचारतो, ‘किती?’ समोर एकटी बाई दिसत असून विचारतो, आणि मीही रोज शहाण्यासारखं ‘एक’ म्हणून सांगते. दुपारी डबा उघडते तेव्हा गिरणीचीही सुट्टी असते, त्यामुळे तो आवाजसुद्धा सोबतीला नसतो. काही दिवस असे जातात की माझ्या तोंडून ‘गाडी लागली का’ आणि ‘लाईट आली का’ ही दोनच वाक्यं निघतात. संध्याकाळी विश्रामबागेतल्या खोलीवर जाऊन टीव्ही लावते, बघत नाही. फार एकटं वाटतं, नागसेन. हे कुणाला तरी सरळ सांगायचं होतं, ते तुला सांगून झालं.

तर सर्व्हर. आता सगळे कागद आणि हळदीच्या नमुन्यांचे फोटो इंटरनेटवर असतात. पण कुपवाडात कुणी रस्ता उकरला की इंटरनेट गेलंच म्हणून समज, आणि खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत असताना गेल्या महिन्याच्या मालाचा रंग मी काय आठवणीने सांगायचा? म्हटलं, इथल्या इथे साठवायला काहीतरी हवं. पोत्यांच्या मागे कोपऱ्यात आपला सर्व्हर होताच, निळ्या मेणकापडात बांधलेला. जयराज म्हणाला, ‘ताई, त्यो भंगारवाला बी फुकट न्ह्यायचा न्हाई.’ मी म्हटलं, तू फक्त दोन नव्या डिस्क पाठव. त्याने हसत हसत पाठवल्या. तळहातावर मावतील एवढ्याशा आहेत. तुझ्या वेळच्या म्हणजे एकेक वीट होती.

तो सर्व्हर कसा बंद पडला ते तुला ठाऊक आहे, मीच तुला फोनवर सांगितलं होतं. खंडेनवमीला आपल्याकडे सगळी यंत्रं थांबवून त्यांची पूजा करतात. गिरणीत कामाला असलेली बयाबाई दरवर्षी ताट घेऊन आधी खालच्या गिरण्यांना आणि मग वर येऊन सर्व्हरलाही हळदकुंकू लावायची. त्या वर्षी तिने समोरच्या जाळीवर जरा जास्तच हळद वाहिली, ती आत गेली आणि मशीन पुन्हा उठलंच नाही. साऱ्या कारखान्याने असंच मानलं. दादासोंनी बयाबाईला सगळ्यांदेखत असं झापलं की गिरणीतल्या बायका हातातली कामं टाकून बघत राहिल्या. त्या दिवसापासून तिने पूजेच्या ताटाला हात लावला नाही. दर खंडेनवमीला मागे भिंतीला टेकून उभी राहते आणि प्रसादही सगळ्यांच्या शेवटी घेते. दादासोंनी चिडून नवा कॉम्प्युटर आणला, आणि हे धूड मी मेणकापडात बांधून कोपऱ्यात सरकवलं. सगळे मला वर्षभर चिडवत होते, सर्व्हरलासुद्धा हळद लागली, बाईंना कधी लागायची? चौतीस वर्षांची होते मी. त्यांच्याबरोबर हसायचे.

मागच्या महिन्यात ते मेणकापड सोडलं. झाकण काढताना धीर होईना. आत निघाली चिमूटभर हळद. पाटावर सांडते तेवढी. बाकी साधी धूळ होती आणि एक वाळलेली पाल. ब्रशने झाडलं, गिरणीतला ब्लोअर आणून फुंकलं, आणि वायर लावून बटण दाबलं तर पंखे असे घोंघावले की खालून कुणीतरी विचारलं, वर काय दळताय? आतल्या घड्याळाची गोल बॅटरी मेली होती, त्यामुळे तारीख मागे कुठेतरी जाऊन बसलेली, तू इथे नोकरीला लागलास त्याच्याही वर्षभर आधी. त्याच्या लेखी तू अजून कुपवाडला आलाच नव्हतास. मी थोडा वेळ ती तारीख बघत बसले आणि मग बॅटरी बदलली.

तुझी वही मी जपून ठेवलीय. निळ्या शाईत लिनक्सच्या आज्ञा, आणि लाल शाईत माझ्यासाठी सूचना, ‘संयोगिता, घाई नको’ अशा. जुन्या दोन डिस्कवर सगळं सारखंच, एक गेली तर दुसरी असावी म्हणून तू ते तसं केलं होतंस. पहिली जोडली तर ती टिकटिक करून गप्प झाली. आठवडाभर मी हातपाय गाळून बसले, दुसरी जोडायची हिंमत होईना. ती जोडली आणि मुकाट्याने चालू झाली. नव्या डिस्कवर लिनक्स बसवायला तीन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला मी ते पेनड्राईव्हवरच बसवलं. हस खुशाल, तुझीच विद्यार्थिनी. तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला तो लागलाच. आता नमुन्यांचे फोटो आधी इथे उतरतात आणि मग साताऱ्याला जातात. दिवसभर तो बारीक घुंघुं करत असतो. वर आता आम्ही दोघं असतो.

जुन्या डिस्कवरचं काही पुसण्याआधी तुझी वही उघडली. पहिल्याच पानावर लाल अक्षरात, दोनदा अधोरेखित, ‘आधी नक्कल, मग पुसणं.’ म्हणून सगळ्याची नक्कल केली, माझ्या फोल्डरसकट. ती करून उठले आणि तुझा मेसेज आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बयाबाईला वर बोलावलं. ती आता साठीला आलीय, जिना चढताना दोनदा थांबते. मी आतली हळद एका कागदावर काढून ठेवली होती, ती तिच्यापुढे केली. म्हटलं, एवढीच होती, तुझ्या हळदीने काही झालं नव्हतं. ती कागदाकडे बघतसुद्धा नव्हती. म्हणाली, ‘मला ठावं हाय की, बाई. हळदीनं कवा कुणाचं वाटुळं झालंय व्हय? मी ताट घिऊन वर आले तवा वायर तुमच्याच हातात हुती, भितीतनं वडून काढलेली.’ मी विचारलं, मग दादासोंचं एवढं ऐकून का घेतलंस? तर म्हणाली, ‘तुमी रडत हुता. दारात तुमचं आबा हुबं. तितं मी काय बोलू?’ अकरा वर्षं नागसेन, माझ्यासाठी ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी समोरच्या रांगेत प्रसाद घेत होते. मला लाज वाटली. मग तीच म्हणाली, ‘आता ह्ये चालू झालंय तर च्या तरी पाजा.’ त्या दिवशी चहावाल्याला ‘दोन’ म्हणून सांगितलं. दादासोंना मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. ते बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिले, आणि येत्या खंडेनवमीचं ताट बयाबाईच उचलेल असं म्हणाले.

आता तुला सांगायचं राहिलंय. तुझा इथला नोकरीचा शेवटचा दिवस खंडेनवमीच्या आदल्या दिवशी झाला. संध्याकाळी जिन्यात तू म्हणालास, उद्या सुट्टीआधी तुझं फोल्डर बघ. सकाळी सगळे खाली पूजेच्या गडबडीत होते, वर मी एकटी. फाईल उघडली. आपण एकमेकांना फाईलमध्ये लिहायचो तसं, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि शेवटी ‘उत्तर याच्याच खाली लिही, मी रात्री घरून बघेन.’ मी उत्तर लिहिलं. फाईल जतन करायची तेवढी राहिली होती, आणि जिन्यात आबांचे बूट वाजले. दसऱ्याला मला घरी न्यायला उंब्रजहून आले होते. ते ओरडणारे असते तर कदाचित मी निभावून नेलं असतं. ते दारात थांबले, टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘झालं का गं काम? आई वाट बगतीया.’ एवढंच. मला आमची उंब्रजची आळी दिसली, तुझं आडनाव आणि आमचं आडनाव दिसलं, आणि फौजेत वीस वर्षं ताठ मानेने काढलेला हा माणूस चावडीवर मान खाली घालून बसलेला दिसला. मी खाली वाकले आणि भिंतीतून वायर ओढली. हळद आत गेली आणि मशीन उठत नाही, असं मग मीच सगळ्यांना सांगितलं; तू गेल्यावर त्यातलं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. रात्री मशीन उत्तरच देत नव्हतं, माझं काही बघितलंस का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, नाही रे, बयाबाईची हळद आत गेली आणि ते बंदच पडलं. मग ‘बरं, राहू दे’ म्हणालास. तुला तोंडाने विचारायला जमलं नाही, आणि मला तोंडाने नाही म्हणायलासुद्धा जमलं नाही. आबा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना यातलं काही कळलं नाही, त्यांच्यावर राग धरू नकोस.

तू लिहिलंस, न वाचता पुसून टाक. ते मला शक्यच नव्हतं, कारण ती फाईल मी अकरा वर्षांपूर्वीच वाचली होती. एवढं खोटं तुझ्याकडे राहून गेलं होतं, ते परत घ्यायला हे पत्र लिहिलं. पण आणखी एक आहे. आपण ज्या प्रोग्रामात लिहायचो त्याची एक सवय तूच मला शिकवली होतीस. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट राहिलेल्या मजकुराची एक प्रत तो गुपचूप बाजूला ठेवतो. परवा पुसण्याआधी फाईल शेवटची उघडली, तर त्याने विचारलं, मागच्या वेळचं लिखाण अर्धं राहिलंय, परत आणू का? मी हो म्हटलं. वर तुझ्या ओळी आल्या. बेंगळुरूची नोकरी पक्की झाली, रविवारी मिरजेहून गाडी आहे, माझ्याबरोबर येतेस का. आणि खाली माझा एकच शब्द, अकरा वर्षं मेणकापडात राहिलेला. ‘येते.’ तुझ्या ओळी मी पुसल्या, नव्या-जुन्या दोन्ही डिस्कवरून, तू सांगितल्याप्रमाणे. त्यांच्याखालचा शब्द माझा होता, तो मी ठेवून घेतलाय. तू उत्तर पाठवू नकोस. लेकीला जप, आणि तिला काही विचारायचं असेल तेव्हा तोंडाने विचारायला शिकव.

त्या एका सकाळपुरती का होईना,
तुझीच
संयोगिता