दोष सरळसरळ कंपनीचा

३ जून, संध्याकाळ
नवी सायकल आणली. उद्यापासून ऑफिसला सायकलनं. पोट महिन्याभरात आत. दुकानदार म्हणत होता, जोडणी फुकट आहे, जरा थांबा. थांबलो नाही. खोक्यातच घरी आणली. ज्याला मशीनची जाण आहे त्यानं दुसऱ्याच्या पान्याची वाट का बघावी?

जेवायच्या आत उभी केली. डावं पेडल आत जायला तयार नव्हतं. फिनिशिंग कच्चं. हातोडीनं समजावलं, गेलं. एक वॉशर उरला. कंपनी जास्तीचा देत असावी. बायकोनं गेटपर्यंत चक्कर मारून बघितली.

४ जून
जाग आली नाही. उद्या नक्की.

५ जून
ऑफिसला सायकलनं. हेडक्लार्क बघतच राहिला. पेडलमधून टकटक असा आवाज. नवी वस्तू अंग मोकळं करतेच.

८ जून
डावं पेडल भर चौकात गळून पडलं. पाठोपाठ मी. तडक दुकान गाठलं. दुकानदारानं पेडल उलटसुलट करून एवढंच विचारलं, जोडलं कोणी. मी सुनावलं की प्रश्न जोडलं कोणी हा नसून बनवलं कोणी हा आहे. चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. पटलं असणार. तो पेडलचा दांडा स्वस्तात बदलून द्यायला तयार होता. नाही म्हटलं. मला सवलत नको, कबुली हवी.

घरी पायी. सायकल हातात, पेडल खिशात.

९ जून
ही आज सायकलीची माहितीपुस्तिका वाचत बसली होती. डावं पेडल म्हणे उलट्या बाजूनं पिळायचं असतं. जगातला प्रत्येक स्क्रू सुलटा पिळतात आणि यांचाच तेवढा उलटा. म्हणजे दोष मुळातच आहे, आणि वर तो छापलाही आहे. कंपनीला लांबलचक तक्रार पाठवली. ग्राहक झोपलेला नाही हे कळू दे.

१३ जून
दुसऱ्या दुकानातून दांडा बदलून आणला. ही माघार नव्हे. सायकल चालू राहिली तरच पुढचे दोष सापडतील.

सापडलाच. ब्रेक किंचाळतात. ब्रेकच्या रबरांना शिलाई मशीनचं तेल सोडलं, सढळ हातानं. आवाज साफ बंद. कंपनीच्या इंजिनियरांना जे जमलं नाही ते मला चहा गार व्हायच्या आत जमलं.

१४ जून
हिची बस चुकली. ही सायकल घेऊन शाळेत शिकवायला निघाली. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. समोरच्या गॅरेजच्या भिंतीवर आदळली. मनगट मोडलं. शेजारीणबाईंचा फोन आल्याबरोबर हातातलं काम टाकून धावलो. गॅरेजमध्ये. पुरावा कोणी हलवायच्या आत सायकलचे सर्व बाजूंनी फोटो काढले. मग दवाखान्यात. तोवर प्लास्टर घालून झालं होतं. शेजारीणबाई माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. घाबरल्या असणार.

१५ जून
हिला फोटो दाखवले. यात मी कुठे आहे, असं ही म्हणाली. एका फोटोत कोपऱ्यात हिची चप्पल आली आहे, ती झूम करून दाखवली. ही भिंतीकडे वळून झोपली. दुखत असणार.

२० जून
उद्या कंपनीचा माणूस दुकानात येणार. हिची तयारी करून घेतली. फक्त एवढंच म्हणायचं की ब्रेक पहिल्या दिवसापासून ढिले होते. हिनं मान हलवली. होकारार्थीच असावी.

२१ जून
मी छान बोललो. उतार नगरपालिकेचा, रबर कंपनीचं, आणि तेलाच्या बाटलीवर 'ब्रेकला लावू नये' असं कुठंही लिहिलेलं नाही. कंपनीचा माणूस ऐकून घेत होता. मग त्यानं हिला विचारलं.

ही म्हणाली, "ब्रेक पहिल्या दिवशी चांगले होते. मी चालवून बघितली होती. तेल यांनी घातलं. आणि मी सायकल काढली तेव्हा हे दारात उभे होते, पण सांगितलं नाही."

दुकानदारानं हिच्यासाठी पंखा वळवला.

साक्षीदार फुटला. बायको म्हणून विश्वास टाकला, तिथंच चुकलो.

२२ जून
ही बोलत नाही. कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी. माझ्या एवढ्या पानांना दोन ओळी. वरच्या कोर्टात जाणार. आधी हिचं डोकं थंड होऊ दे.

२ ऑगस्ट
मध्ये लिहायला वेळ झाला नाही. भांडी, केर, हिचे डबे.

हिचं प्लास्टर निघालं. दुकानदारानं सायकल फुकट दुरुस्त करून दिली. हिला, मला नव्हे. वॉरंटी कार्ड आता हिच्या नावावर आहे. खाली त्यानं पेननं लिहिलंय की घरातल्या इतर कोणीही सायकल उघडल्यास जबाबदारी दुकानाची नाही. इतर कोणी म्हणजे घरात मी एकटाच.

सकाळी ही सायकलनं शाळेत गेली. टाकीच्या उतारापर्यंत मी मागून चालत गेलो. ब्रेक लागले.

संध्याकाळी ही बोलली. सायकल पुसायला माझी हरकत नाही, म्हणाली. कोरड्या फडक्यानं.

पुसली.