कॉफीचं फडकं

बाबा,

शेजारच्या खोलीतले काका सुट्टीवर मस्कतहून आलेत. त्यांनी काल मला एक खोका दिला. कॉफी गाळायचे कागद. तुम्हाला खोटं वाटेल, पण तिकडे खास कॉफीसाठी कागद बनवतात, शंकूसारखे चिकटवलेले. एकदा गाळलं की चोथ्यासकट टाकून द्यायचे. तुमची सून म्हणाली, "एकदाच? आणि मग?" मी म्हटलं, "मग काही नाही, नवा घ्यायचा." ती हसली. मी मात्र तो खोका हातात धरून चारकोपच्या या खोलीत नुसता उभा होतो, आणि मला दिसत होता तो जोगेश्वरीच्या आपल्या खोलीतला खिळा, ज्याला तुमचं फडकं टांगलेलं असायचं.

सगळी चाळ चहा पिणारी आणि तुम्ही मालवणी माणूस असून कॉफी पिणारे. गिरणीच्या कँटीनमधल्या उडुपीवाल्यानं तुम्हाला ती लावली. कापसाच्या धुरळ्यानं धरलेला घसा तिनं सुटतो, असं तुम्ही म्हणायचात. रिटायर झाल्यावर सकाळची कॉफी हे तुमचंच काम झालं. आई स्टोव्हजवळ आली तरी तुम्ही तिला हाकलायचात. तुमचं फडकं म्हणजे तारेचं कडं आणि त्याला शिवलेली मांजरपाटाची, जाड सुती कापडाची, पिशवी. ते मांजरपाट तुमच्याच मागावर विणलेलं, गिरणीच्या दुकानातून उरलासुरला तुकडा म्हणून घेतलेलं. तुम्ही ते उजेडाकडे धरायचात आणि मला बोलवायचात, "बघ झिला, एक धागो सुटलेलो नाय." त्याला साबण लावायचा नाही, हा तुमचा नियम. उकळत्या पाण्यातून काढायचं, पिळायचं, सावलीत टांगायचं. नव्या फडक्यातली कॉफी पहिले आठ दिवस खळीसारखी लागते, मग फडकं शिकतं, असं तुमचं म्हणणं. आपलं फडकं इतकं शिकलं होतं की पांढऱ्याचं पार काताच्या रंगाचं झालं होतं.

मी नववीत शाळा सोडली आणि अंधेरीच्या औषधाच्या कंपनीत, प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला लागलो. तिथल्या केमिस्टबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "डोळ्यांना स्वच्छ दिसतं ते स्वच्छ असतंच असं नाही रे." ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि मला आपल्या खोलीत सगळीकडे जंतू दिसायला लागले. तुमचा खोकला वाढत चालला होता. मी मनाशी ठरवूनच टाकलं की तो त्या फडक्यातूनच येतोय. बाईंना विचारून मी कडा दुमडलेले, त्यांच्या उपयोगाचे नसलेले गोल गाळणकागद आणले. चार घड्या घालून नरसाळ्यात कसे बसवायचे ते तुम्हाला दाखवलं. तुम्ही एक कागद अंगठ्यानं चाचपून बघितला.

"ह्यात उभो धागो नाय, आडवो नाय. ह्येका इणल्यान कोणी?"

"विणत नाहीत बाबा, लगदा असतो. एकदा वापरून टाकायचा."

"एकदाच? मग तो शिकतलो कधी?"

आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कॉफी ऱ्हवली बाजूक, बापूस नि झील कपड्यावरसून भांडतत!"

कागद तुम्ही फळीवर ठेवलेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फडकंच काढलंत. म्हणून, तुम्ही दवाखान्यात गेला होतात त्या दुपारी, मी ते खिळ्यावरून काढलं आणि नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकून आलो. घरी येऊन तीनदा हात धुतले. तुम्ही खिळ्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "खिडकीतून कावळ्यानं नेलं असेल." तुम्ही म्हणालात, "कावळ्याक कॉफी कधीपासून लागली रे?" आई हसली, मीही हसलो. तुम्ही फळीवरचे कागद खाली काढलेत. त्यानंतर रोज, एकही दिवस न चुकता, चार घड्या. पाणी थेंबथेंब उतरायचं, कधी कागद फाटून चोथा कपात पडायचा. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "बरी झाली हा." खोकला कमी झाला नाही. पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांनी तुमची छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "गिरणीत होतात का?" फडक्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही. मी दाराशी उभा राहून वाट बघत होतो, की आता विचारतील.

तुम्ही गेल्यावर, इथे राहायला येताना तुमची ट्रंक मी उघडली. तळाशी, तुमच्या गिरणीच्या पासाखाली, एक मांजरपाटाची पिशवी निघाली. कडं लावलेली, टीप घातलेली, पांढरीशुभ्र. आईला दाखवली. ती म्हणाली, "फडकं गेलं त्याच आठवड्यात शिवलेली त्यांनी. उरलेल्या तुकड्याची."

"मग वापरली का नाही?"

"म्हणाले, पोरान एवढ्या हौसेन कागद आणल्यान, ह्या भायर काढलंय तर तेका वायट वाटात."

बाबा, कावळा नव्हता. तुम्हाला ते ठाऊक होतं, हे मला आता ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या अक्षरात लिहायचं होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो, तसं हेही मीच वाचणार आणि घडी करून ट्रंकेत ठेवणार. मस्कतचा खोका मी उद्या केमिस्टबाईंना देईन. आज सकाळी तुमची पिशवी पहिल्यांदा ओली केली. कॉफी खळीसारखी लागली. अजून सात दिवस आहेत.

एक मात्र कबूल करतो. गाळण्याआधी ती मी तीनदा उकळली. साबण नाही लावला.