ओव्याचा डबा

अमरावती,
१० मार्च २०२५

प्रिय वामन यास,
थोरली बहीण शकुन हिचा ख्रिस्तात सप्रेम सलाम वि. वि.

तुझ्या कानांचं कसं काय? नवीन मशीन लावतोस की अजून उशाखालीच ठेवतोस? मैनाचे गुडघे उन्हानं जरा मोकळे झाले का? अपेक्षा दोन वेळा जेवते का? खोटं लिहू नको. नवरा गेलेली बाई ताटात नुसती बोटं फिरवते आणि जेवले म्हणते, हे मी स्वतः केलं आहे. मोनालीचा खोकला गेला का? बापाला शोधते का? मी बरी आहे. बरी म्हणजे, चालते-फिरते.

हे माझं तिसरं पत्र, आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. अकोटच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं काढून तुझे कान गेले, त्यामुळे फोन तुझ्या कामाचा नाही. तुझ्या सुनेच्या मोबाइलवर लिहावं तर घरभर वाचलं जातं. आपल्या दोघांना पोस्टमनच बरा.

उद्या नितेशला जाऊन महिना होईल. अजून सोमवार आला की हात त्याच्या वाटणीची कणीक जास्तच भिजवतो. नांदगाव पेठेत नोकरी लागली तेव्हा तूच सांगितलं होतंस की आठवडाभर पोरगा आत्याकडे राहील, काळजी नाही. बत्तीस वर्षांचं पोर, कंपनीच्या गाडीतून उतरलं, कंपनीच्याच फाटकाशी खाली बसलं, ते उठलंच नाही. तू मला त्यावर एक शब्द विचारला नाहीस. तू विचारत नाहीस, याचीच मला धास्ती वाटते.

तुमचे पाळकसाहेब इथे सभेला आले होते. तू चर्चला येणं सोडलंस आणि ईस्टरला कबरस्तानात चुना मारणार नाहीस, असं म्हणाले. पंचवीस वर्षं बाबांच्या कबरीबरोबर बिनवारशाच्या कबरीही पांढऱ्या करणारा माणूस तू. असं करू नको. पत्राची वाट पाहते.

तुझी,
शकुन

—

अकोला,
१७ मार्च २०२५

बाईस,
वामनचा सलाम.

तुझी तिन्ही पत्रं भेटली. मशीन लावत नाही. ऐकण्यासारखं काही राहिलं नाही. मैनाचे गुडघे तसेच. पोटही दुखते म्हणते, दवाखान्यात येत नाही. अपेक्षा जेवते, मी समोर बसतो. मोनाली दर शनिवारी संध्याकाळी, बाप यायचा त्या वेळेले, फाटकात जाऊन बसते.

चुन्याचं म्हणशील तर ड्रम तसाच पडला आहे. पाळकसाहेबाले मी सांगितलं की मले मोकळं सोडा. तुले माहीत आहे, ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात साहेब प्रभू उठला असं ओरडतात, आणि सारी मंडळी खरोखर उठला म्हणून उत्तर देते. मले काही ऐकू येत नाही. नितेश माह्या उजव्या हाताले उभा राहायचा, वेळ झाली की खांद्यावर थाप द्यायचा, मग मीही साऱ्यांबरोबर ओरडायचो. लहानपणापासून त्यानं ते काम केलं. आता थाप देणारा तिथंच मातीत आहे. मी तिथं मुक्यासारखा उभा राहून काय करू?

तू म्हणतेस मी विचारत नाही. आता विचारतो. त्या सकाळी तो काय बोलला? काय खाल्लं? त्याले काही होत होतं का? त्याच्यापाशी शेवटची तू होतीस. लपवू नको.

वामन

—

अमरावती,
२२ मार्च २०२५

प्रिय वामन,
स. स. वि. वि.

तुझं पत्र पदराला बांधून दोन दिवस फिरले. आता लिहिते. मैनाला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

त्या मंगळवारी तो पहाटे उठला आणि छातीत जळजळतं म्हणाला. डावा हात भरून आल्यासारखा वाटतो, असंही म्हणाला. रात्री वांग्याचं भरीत झालं होतं, मी त्यावर खापर फोडलं. तुम्ही सगळे मला बिनडिग्रीची डॉक्टरीण म्हणता ना, त्याचा मला तोरा. डबा काढला, ओवा आणि काळं मीठ चावायला दिलं, वर कढत पाणी. तो हसून म्हणाला की आत्याच्या दवाखान्यात रांग नाही अन् फी नाही. मग बूट घालता घालता त्यानं विचारलं की आज सुटी टाकू का. मी म्हटलं, ढेकर आला की मोकळा होशील, जा.

वामन, मीच त्याला जा म्हटलं. दवाखाना माझ्या घरापासून दोन चौकांवर आहे.

त्या दिवसापासून डबा उघडलेला नाही. शेजारची कौशल्या पोट धरून ओवा मागायला आली, तर संपला म्हणून खोटं बोलले. डबा काठोकाठ भरलेला आहे.

प्रार्थनेला बसले की पवित्र शास्त्रातली ती बहीण आठवते. तिचा भाऊ गेला आणि प्रभू चार दिवस उशिरा पोचला. तिनं त्याला तोंडावर सुनावलं की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्यानं तिला दटावलं नाही. तो कबरीपाशी रडला, आणि मग त्यानं नाव घेऊन हाक मारली, तसा मेलेला भाऊ उठून बाहेर आला. म्हणून तूही त्याच्याशी भांड, पण घरात बसून नको, तिथे जाऊन भांड. नितेशच्याही नावाची हाक एक दिवस होणार, हे मी धरून बसले आहे. ते सुटलं तर माझ्यापाशी काही उरत नाही. भीती एवढीच की तो उठेल आणि मला विचारेल, आत्या, मला जा कशाला म्हटलंस?

शिव्या द्यायच्या तर दे, पण लिही.

तुझी,
शकुन

—

अमरावती,
३ एप्रिल २०२५

प्रिय वामन,
स. स. वि. वि.

बारा दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारते, आता तो लांबूनच मान हलवतो. पत्र पोचलं नसेल म्हणून मनाला समजावते, आणि पोचलं असेल म्हणून घाबरते. अपेक्षाला फोन केला, तर घरात सगळे ठीक आहेत एवढं बोलून तिनं ठेवला. तिच्या आवाजावरून कळलं की पत्र पोचलं आहे.

ईस्टर वीस तारखेला आहे. मी शनिवारी एसटीनं अकोल्याला येते. तुझ्या दारात मला जागा नसेल तर कळव, मी चर्चच्या ओसरीवर रात्र काढीन आणि पहाटे लांबून नितेशची कबर बघून परत जाईन. पण येणार. न येणं मला जमणार नाही.

तुझी, अजून तुझी म्हणवत असेन तर,
शकुन

—

अकोला,
८ एप्रिल २०२५

ती. बाईंना मैनाबाईचा सलाम. लिहिणार अपेक्षा. आई सांगतात तसंच लिहिते.

बाई, तुमचं पत्र यायनी वाचलं अन् कागद माह्यापुढे टाकून दिला. मले वाचता येत नाही, तर सुनेनं वाचून दाखवलं. मी तेव्हाच बोलाले पायजे होतं, पण तोंड उघडलं नाही. दोन हप्ते पोटात घेऊन बसली. परवा तुमचं दुसरं पत्र आलं, चर्चच्या ओसरीवर राहीन म्हणून, तवा राहवलं नाही.

त्या आधीच्या रविवारी नितेश जेवून उठला अन् आई, छातीत कसंतरी होते, असं मलेही म्हणाला होता. मी काय केलं असेल? तुमीच शिकवलेलं. ओवा अन् काळं मीठ. बरं वाटते म्हणाला अन् सोमवारी पहाटे गेला. हे मी कोणाले सांगतलं नाही. तुमच्यावर आळ येते हे दिसत होतं, तरी चूप राहिली. मले माफ करा, बाई. तुमी एकटीनं नाही दिला. दोघींनी दिला.

मी सांगतलं तर हे चप्पल घालून निघून गेले. मी घाबरली. सुनेले मांगं पाठवावं तर कुठं पाठवावं? दिवस बुडता आले तर कोपरापर्यंत हात पांढरे. चुना घेऊन गेले होते.

येताना डबा आणा. माह्या पोटाले महिन्यापासून आराम नाही. सून म्हणते पहिले डॉक्टर, मग ओवा. तसंच करू.

(खालचं वामनच्या अक्षरात)

बाई,

डॉक्टरले जाऊन विचारलं. वेळेवर आणला असता तर वाचला असता का? तो म्हणाला की सांगता येत नाही. म्हणजे तुले दोष द्यायचा तर तेवढाही आधार नाही, अन् सोडून द्यायचा तर तेवढाही नाही. मैनाले काही म्हणू शकलो नाही, मग तुले काय म्हणू? पाच-सहा दिवस तुह्यावर फार राग होता, खरं सांगतो. ते पत्र फाडलं नाही, एवढंच.

त्याची कबर अजून कच्ची आहे. काळी माती, एका पावसाळ्यात बसल्याशिवाय बांधता येत नाही. भोवताल विटा लावल्या अन् त्याइले चुना दिला. तिथं बसून तू म्हटलं तसं भांडलो. मोठ्यानं भांडलो असेन, कारण राखणदार येऊन पाहून गेला. उत्तर मले ऐकू आलं नाही. पण उठताना पाय आले तवापेक्षा हलके होते. तेवढंच सांगतो, जास्त नाही.

ओसरी-बिसरी काही नाही, घरी ये. पहाटे माह्या उजव्या हाताले उभी राहा. साहेब ओरडले की खांद्यावर थाप दे, जोरात दे, म्हणजे मलेही उत्तर देता येईल.

कितीच्या गाडीनं येतेस? शनिवारी मोनाली फाटकात बसतेच, तिले सांगून ठेवतो की या वेळी कोणीतरी येणार आहे. पत्र लवकर टाक.

तुझा,
वामन