पाहुणा तुकडा

३ मार्च
सापडलं! कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या आमच्या विषाणूत दुसऱ्याच एका विषाणूचा तुकडा घुसून बसलाय. एवढासा, पण त्यानं स्वभावच पालटला — हा विषाणू टोचलेल्या एकाही पिल्लाला गाठी नाहीत. मूळ विषाणूनं निम्मी आडवी केली असती. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले, "लस तयार झाली समज!" लगेच दादाला फोन. गेल्या वर्षी गाठींनीच त्याच्या कोंबड्यांच्या शेडी रिकाम्या केल्या. ऐकताना तो रडत असावा.

९ मार्च
आनंद फार टिकला नाही. आज पिल्लं चिरून पाहिली. मानेतल्या ग्रंथी, जिथं रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात, त्या सुकून गेल्यात. गाठी नाहीत, पण साध्या खोकल्यानंही संपतील! शेजारच्या न टोचलेल्या पिल्लांचंही तेच. पिसांच्या कोंड्यातून हा मूळ विषाणूपेक्षा भराभर पसरतोय.

१४ मार्च
सरांच्या अहवालात ग्रंथींचं पानच नाही! विचारलं तर म्हणे, "बारीकसारीक गोष्टी मागाहून बघू." बारीकसारीक! एका फार्मवर चाचणीही ठरलीये. कुठल्या, ते मला कळायची गरज नाही म्हणे. वडिलांच्या जागी मानलं होतं या माणसाला. केसानं गळा कापला.

१५ मार्च
दादाला सगळं सांगितलं, ग्रंथींचंही. संस्थेच्या चौकशी समितीकडे तक्रार करते म्हटलं. "कर, पण जरा थांब. घाईघाईत नोकरी घालवून बसशील." माझ्या बाजूचं एवढं एकच माणूस. त्याच्याकडे जाऊन पोटभर रडावंसं वाटतं. पण प्रयोगशाळेतल्यांनी कोंबड्यांच्या आसपास फिरकायचं नाही, आणि त्याचं घर शेडींना लागूनच. सगळी माया फोनवरच.

२० मार्च
थांबलेय. नुसती चरफडतेय.

२७ मार्च
चाचणीच्या फार्मवरून पिसं आली. पाकिटांवर नाव नाही, फक्त आकडे. न टोचलेल्या शेडीतल्या पिसांतही तुकडा सापडला! सरांना दाखवलं. "अजून नमुने मागवू." पक्षी मरताहेत का, विचारलं तर खोलीबाहेर निघून गेले. कुणाच्या पोटावर पाय येतोय कोण जाणे. त्या बिचाऱ्याला अंधारातच ठेवलं असणार. तक्रार लिहून काढली. दादा म्हणतो, सोमवारपर्यंत थांब. थांबते. त्याच्या शब्दाखातर.

२९ मार्च
वहिनीचा फोन. हुंदके देत होती.
"खोकून खोकून पटापट मरताहेत गं! तुला कळवू नको म्हणतात हे. पण तूच काहीतरी सांग ना. पंधरा तारखेला तुझा तो लांबलचक फोन आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझे सर लस घेऊन आले होते. मी ह्यांना म्हटलं, तिला विचारलंत का? तर म्हणाले, अगं, तिनंच पाठवलीये."
तक्रार आत्ताच पाठवली. फार्मच्या मालकाचं नाव माझ्या हातानं लिहिलं.