बाबांची तोंडी परीक्षा

गुरुवार, ८ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं! शनिवार-रविवार सहकुटुंब सहल. "मस्त फॅमिली आउटिंग," असं दादा फोनवर म्हणाला. दादा एखाद्या गोष्टीला मस्त म्हणाला की मी आधी सावध होते. मागे त्याने असाच एक "मस्त" सोफा पाठवला होता. तेव्हापासून माझं पुढचं दार पूर्ण उघडत नाही.

आणि सहल कसली, परीक्षा आहे बाबांची. मागच्या महिन्यात बाबा दूध आणायला गेले आणि येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. घर डावीकडे की उजवीकडे, काही केल्या आठवेना. शेजारच्या शिंप्याने हाताला धरून आणून सोडलं. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद — बाबांनी आता एकटं राहायचं नाही, फ्लॅटला कुलूप लावायचं आणि "आमच्याकडे" यायचं. आमच्याकडे म्हणजे मागच्या खोलीत, जिथे वहिनीचं ट्रेडमिल असतं. ट्रेडमिलवर सध्या टॉवेल वाळतात. त्यांच्या शेजारी आता बाबा!

बाबांनी सांगून टाकलं, मी माझं घर सोडणार नाही. त्यांच्या मते विषय तिथेच संपला. पण दादाचे विषय संपत नसतात. डॉक्टर सहज बोलून गेले, जुन्या ठिकाणी नेऊन आणा एकदा, काय काय आठवतं ते बघा. झालं! दादाला कोलीतच मिळालं. बाबांची पहिली नोकरी एका लहानशा गावात होती, पाणीपुरवठ्याच्या पंपावर. लग्नाच्याही आधीची गोष्ट. तर आता सगळ्यांनी तिथे जायचं. आठवलं तर बाबा पास आणि आपल्या घरात. नाही आठवलं तर ट्रेडमिल.

"हे आपल्यातच ठेव," म्हणाला दादा. ठेवलं असतं, पण बाबांना आधीच माहीत होतं. दादा दबक्या आवाजात फोनवर बोलतो तेव्हा अख्खी इमारत ऐकते.

शुक्रवार, ९

दुकानाच्या शटरवर "दोन दिवस बंद" अशी पाटी लावली. "तुझ्या चष्म्यांवाचून कुणी आंधळं होत नाही," — इति बाबा. खुशीत दिसले. इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टांगून ठेवलाय, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा.

शनिवार, १० — दुपार

पोचलो. बाबा माझ्या गाडीत, बाकीची मंडळी दादाच्या. हायवेवर गावाच्या नावाची पाटी दिसली तसे बाबा ताठ बसले आणि काच खाली केली.

दादाने भाड्याने घेतलेल्या घराला स्विमिंग पूल आहे. जाहिरातीत निळाशार, प्रत्यक्षात कोरडा ठणठणीत. तळाशी वाळकी पानं आणि एक बेडूक. बेडकाचाही मुक्काम शनिवार-रविवारचाच असावा, फार वैतागलेला दिसत होता. वहिनीने तरी काठावर बसून पाय आत सोडून फोटो काढून घेतला. पुतणी — आम्ही तिला राणीसरकार म्हणतो — सकाळपासून एकच वाक्य बोलली आहे: "इथे नेटवर्क नाहीये."

जेवणं उरकली की लगेच परीक्षा! चौक, चौकात गोल बाग, बागेत कुलूपबंद कारंजं. एका बाजूला हार्डवेअरची दुकानं, दुसऱ्या बाजूला सलून. त्यामागे उंच खांबांवर पाण्याची टाकी. दादा लहान मुलांशी बोलतात तशा आवाजात, "बाबा, बघा बरं, काय होतं इथे?"

बाबांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग खाकरले. "इथे... सायकलचं दुकान होतं."

आणि एकदा गाडी सुटली ती सुटलीच! सायकलवाला तोतरा होता. पलीकडे पोस्ट होतं, पोस्टमास्तर झोपाळू. "आणि ही टाकी! हिच्या शिडीवर मी रोज चढायचो. पाणी बघायला!" वहिनी "अगं बाई!" म्हणाली. दादा मान हलवत होता. बाबा पास होताहेत याचा आनंद मानावा की ट्रेडमिलवरचे टॉवेल तिथेच राहणार याचं दुःख, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

मला भरून आलं. खरंच. म्हटलं, घ्या!

शनिवार — संध्याकाळ

हसून हसून पोट दुखतंय. कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहितेय.

राणीसरकार टूथपेस्ट विसरल्या, म्हणून मीच कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. गल्ल्यावर एक आजीबाई. उगाच कौतुकाने सांगायला गेले, माझे वडील तरुणपणी इथे होते, त्या टाकीवर कामाला. आजीबाई चष्म्यावरून बघतच राहिल्या. "या टाकीवर? ही तर माझ्या नातीच्या वयाची आहे!" मग सगळी कथा. जुनं गाव वर आहे, टेकडीवर. पंपही तिथलाच. इथे नुसतं माळरान होतं. हायवे झाला तशी माणसं हळूहळू खाली उतरली आणि खालीही तेच नाव लावलं. "पुढच्या फाट्यावरून वर वळायला हवं होतं तुम्ही, बाई!"

म्हणजे दादाने स्विमिंग पूल बघून गावच चुकवलं! महिनाभर फोन, नियोजन, डॉक्टर, नकाशे — आणि परीक्षेचं केंद्रच भलतं. असल्या शहाण्याला फ्रेम करून दुकानात लावावं.

पण खरी कमाल बाबांची. आल्या आल्या ओळखलं असणार त्यांनी. आणि काय शेंडी लावली दादाला! जे गाव नव्हतंच, त्या गावात तोतरा सायकलवाला आणि झोपाळू पोस्टमास्तर! इतकी वर्षं मला वाटायचं, विनोदबुद्धी मी आईची घेतली.

मग काय, जेवताना चढवलं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर. "बाबा, तुमची खोली कुठे होती हो?" जरा थांबून म्हणाले, "त्या... सलूनच्या माडीवर." (सलूनला माडीच नाही!) "आणि घरमालकीण?" "जाडजूड होती. दिवसभर गात असायची." "काय गायची?" बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. मी हळूच डोळा मारला. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. कसलेला नट!

शेवटी दादाने निकाल जाहीर केला. "बाबा, तुमची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे. राहा तुम्ही तुमच्या घरी." जणू घर याचंच होतं आणि आता ते बाबांना बक्षीस दिलं. दादाला एवढ्यात काही सांगायचं नाही, असं मी ठरवलंय. असली मजा पुरवून पुरवून खायची असते.

रविवार, ११

पेट्रोल पंपाशेजारच्या हॉटेलात बसून लिहितेय. दादाची गाडी पुढे गेली. बाबा हात-तोंड धुवायला गेलेत.

गावाबाहेर पडल्या पडल्या मी म्हटलं, "पुरे आता नाटक, बाबा! गाव चुकलंय हे तुम्हाला कळलं कधी?"

"चुकलंय?"

अजूनही मला वाटलं, नाटकच चालू आहे. मी हसत हसत सगळं सांगितलं. आजीबाई, टेकडी, नातीच्या वयाची टाकी. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे हे ते गाव नव्हे?"

"नव्हे हो! ते वर राहिलं."

तर बाबा रडायला लागले! माझे बाबा. आई गेली तेव्हासुद्धा सगळ्यांसमोर रडले नव्हते. मी गाडी कडेला घेतली.

"ठमे, मला काहीच ओळखीचं वाटेना गं," म्हणाले. "चौकात उतरलो आणि एक भिंतसुद्धा ओळखीची नाही. म्हटलं, गेलं सगळं. चार वर्षं काढली त्या गावात, आणि काहीच शिल्लक नाही डोक्यात! दादा विचारतोय, तू विचारतेस. मग सुचेल ते सांगत गेलो. रात्रभर डोळा लागला नाही."

दुकानात रोज बघते हे. समोरच्या पाटीवरची खालची ओळ दिसत नसते, पण कबूल करायची भीती वाटते, म्हणून माणूस अक्षरं ठोकून देतो, आणि वर आवाज चढा. गिऱ्हाइकाचं मला एका मिनिटात कळतं. बापाचं दोन दिवसांत कळलं नाही. वर मी विचारत होते, घरमालकीण काय गायची! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पण मग बाबांनी डोळे पुसले आणि एकदम हसायला लागले. "म्हणजे मला आठवलं नाही ते बरोबरच होतं की! जे गाव पाहिलंच नाही, ते आठवणार कसं?" एकदा म्हणाले, परत म्हणाले, टाळी मागितली. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे दिसताहेत. आत्ता चहाबरोबर दोन पाव हाणले, आणि कुणी विचारलेलं नसताना त्या खऱ्या गावाबद्दल बोलत होते. नदीच्या उतारावरचं पंपघर, डिझेलचा वास कपड्यांतून जायचा नाही तो, पंपाचा पट्टा तुटला की बादल्या घेऊन दारात येणाऱ्या बायका. आवाज कसा मोकळा होता!

फाटा इथून अगदी जवळ आहे. वर वळायचं ठरवलंय मी. त्यांना सांगितलेलं नाही. उतारावर पंपघर दिसलं की बघायचंय मला त्यांचं तोंड! आले बाबा.

रविवार — घरी

फाट्याला इंडिकेटर दिला. पाटी वाचून बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. गार होता.

"नको, ठमे. तिथेही नाही आठवलं तर?"

मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली.