सेट सरकेनासा झाला

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥

नाशिक रोड,
आश्विन वद्य तृतीया

ती. सौ. वत्सलावहिनींना सिंधूचा वाकून नमस्कार.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं नांदगाव गाडीचा कंडक्टर हिरामण सांगून गेला आणि मी लगेच देवापुढे साखर ठेवली. थेंब वेळच्या वेळी घाला, गॅसच्या धगीला जाऊ नका आणि कांदा तर मुळीच चिरू नका. तो दादाला चिरू द्या, त्याच्या डोळ्यांतून थोडं पाणी आलं तर बरंच होईल. पट्टी निघेपर्यंत हे पत्र शेजारच्या आशाकडून वाचून घ्या. दादाकडून नको, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं लिहिलं आहे आणि ते चांगलं नाही. आम्ही देवदयेने बरे आहोत. ह्यांची प्रकृतीही ठीक आहे, फक्त सकाळचा चहा झाला की खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात.

हिरामणने दुसराही निरोप आणला, की यंदा भाऊबीजेला दादाचं यायचं जमेलसं दिसत नाही. मला वाटलं, तुमच्या डोळ्यामुळे असेल. पण हिरामण म्हणाला, तसं नाही, दादामास्तर म्हणाले, "ज्यांच्याकडे सगळं जागच्या जागी आहे, तिथे आमचं काय काम." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गणपतीत सुरू झालेलं हे अजून मिटलेलं नाही. तुम्हाला दादाने काय सांगितलं देव जाणे (म्हणजे काहीच सांगितलं नसणार), म्हणून पहिल्यापासून लिहिते.

हे रिटायर झाले तेव्हा दादाच्याच नादाने दोघांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, सरकारी परवाने आले (आमचा देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलाय, रोज हळदीकुंकू लागतं), आणि एकाच कागदावरून दोघांनी बोलायचे-ऐकायचे सेट बांधले. विकतचा सेट आपल्यासारख्यांनी कुठून आणायचा. त्यातल्या कॉइली म्हणे नळाच्या वॉशरवरही गुंडाळता येतात, हे ऐकून मीच खूश झाले आणि वहीत तो खर्च नळदुरुस्तीखाली टाकला. नळ मात्र तेव्हापासून गळतोच आहे. आमचा सेट बिस्किटांच्या डब्यात बसला, तुमचा अ‍ॅल्युमिनियमच्या टिफिनात. रोज सकाळी पूजा झाली की हे बाहेरच्या खोलीत "नांदगाव, नांदगाव" सुरू करायचे आणि दादा पलीकडून बोलायचा.

आता ह्या स्वस्त सेटांचा एक दोष होता. तापले की रेडिओच्या पट्टीवरच्या ठरल्या जागेवरून सरकायचे. म्हणजे बोलायला सुरुवात एका ठिकाणी व्हायची आणि हळूहळू खाली घसरत भलतीकडेच जायची. पण दोघांचे सेट एकाच कागदावरचे, वॉशरही एकाच जातीचे, त्यामुळे दोघंही साधारण सारखेच घसरायचे, आणि थोडंफार मागेपुढे झालं तर नॉब जरासा फिरवून एकमेकांना गाठायचे. बाकीची रेडिओवाली मंडळी हसायची. कोल्हापूरचे एक डॉक्टर तर म्हणायचे, निघाले मेहुणे-मेहुणे शतपावलीला. पण वहिनी, त्या शतपावलीत गर्दी मागे राहायची आणि दादा मोकळा बोलायचा. फोनवर तो कसा बोलतो तुम्हाला ठाऊक आहे. ओरडून "बरं आहे ना? ठेवतो" म्हणतो, की संपलं. पत्र तर त्याने मुंजीचं आमंत्रण द्यायला सुद्धा लिहिलं नसतं. लहानपणी मला शाळेत पोचवताना रमत रमत, वाटेतल्या प्रत्येक बोरीपाशी थांबत बोलायचा, तसा तो फक्त ह्या सेटवर बोलायचा.

मला परवाना नाही, तेव्हा मी बोलायचं नाही, आणि दुसऱ्याचे निरोपही सांगायचे नाहीत, असा नियम. आम्ही तो कधी मोडला नाही. पण स्वतः काय खाल्लं हे सांगायला बंदी नाही. दादा म्हणायचा, काल भरीत झालं, आणि मला कळायचं, की त्याला आईची आठवण आली. मऊ भात म्हणाला, तर तुमचा गुडघा दुखतोय आणि स्वयंपाक त्याने केलाय. मग मीही मुद्दाम काहीबाही करायची. मन बरं असलं की धिरडी. हे तिकडे सांगायचे, "आज आमच्याकडे धिरडी," आणि पलीकडून दादा म्हणायचा, "वा, म्हणजे सगळं ठीक." ह्यांना वाटायचं, दादाला खाण्याची फार आवड.

मग गणपतीत ह्यांनी सुधारणा काढली. (चूक माझीही आहे. घुरघुर फार येते, एकदा नीट तरी करा, असं मीच म्हणाले होते. ते शब्द परत घेता आले असते तर काय हवं होतं.) कॉइलवर मेणबत्तीचं मेण ओतलं, वायर ताणून बसवली, हवा लागू नये म्हणून डब्यात डबा घातला, विजेचा दाब स्थिर राहावा म्हणून आणखी काही केलं. पितृपंधरवडा लागला तेव्हा सेट असा ठाम बसला, की देवळालीला तोफांचा सराव सुरू होऊन माझ्या कपबशा किणकिणल्या तरी तो केसभर हलेना. ह्यांना केवढा आनंद झाला. आवाजही स्वच्छ, बातम्यांसारखा.

दुसऱ्या दिवशी दादा बोलायला लागला. तुमच्या डोळ्याची तारीख ठरल्याचं सांगत होता, आणि सांगता सांगता नेहमीसारखा खाली निघाला. आवाज आधी बदकासारखा झाला, मग डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा. पूर्वी हेही बरोबर घसरले असते. आता हे जागेवर. नॉब एवढासा फिरवला असता तर दादा सापडला असता, मी स्वयंपाकघरातून हातातलं पीठ तसंच घेऊन धावले सुद्धा. पण ह्यांनी नॉबला बोट लावलं नाही. कोल्हापूर, सांगली, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दादा, तुमचा सेट सरकतोय. परत वर या, मी जागेवर आहे."

दादा वर आला. शांतपणे म्हणाला, "जावईबापू, तुम्ही बसा जागेवर. आम्ही सरकणारी माणसं." आणि सेट बंद केला, तो आजतागायत.

आता दादाबद्दल लिहिते. साठी उलटलेल्या माणसाने एका वाक्यासाठी बहिणीच्या हातचं ओवाळून घ्यायचं सोडू नये. ह्यांचं चुकलं, चारचौघांत बोलायला नको होतं. पण ह्यांना माफी मागता येत नाही, हे दादाला आमच्या लग्नापासून माहीत आहे. त्यानेच पसंत केलं होतं. तो रुसून टिफिनावर फडकं टाकून बसलाय आणि इकडे हे रोज सकाळी इतक्या स्वच्छ आवाजात "नांदगाव, नांदगाव" करतात, की ऐकवत नाही. उत्तर येत नाही. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांशी हवापाण्याचं बोलतात. डॉक्टर कधी काय खाल्लं ते सांगत नाहीत. मला गेला महिनाभर तुमच्या घरातलं काही कळलेलं नाही. ऑपरेशन झालेलं कंडक्टरकडून कळावं, ह्याचं फार वाईट वाटलं.

असो. दसरा बरा झाला. सोनं ठेवलंय तुमच्या वाटणीचं. दादाला नमस्कार लिहिणार नव्हते, पण तो मोठा आहे, म्हणून लिहिते.

तुमची,
सिंधू

ता. क. एक लिहायचं राहिलं. खंडेनवमीला घरातली अवजारं पुजतो, तशी सेटचीही पूजा केली. हे म्हणाले, वरून फूल वाहा. पण बंद डब्याची पूजा म्हणजे बंद देवळाच्या दाराला नैवेद्य. हे अंघोळीला गेले तेव्हा मी दोन्ही झाकणं काढली आणि त्या मेणाच्या कॉइलला चांगलं ओलं गंध आणि कुंकू लावलं. देवाच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक, पण तेव्हापासून सेट पुन्हा सरकतो. हे म्हणतात, तोफांच्या हादऱ्याने.

ता. क. २. आज हे दुपारी झोपले तेव्हा गंध पुसून टाकावं म्हणून (पाप नको डोक्यावर) मी गुपचूप डबा उघडला. आत ह्यांनी केव्हातरी ब्रशने सगळी धूळ काढून लख्ख केलं आहे. फक्त कुंकू तेवढं तसंच ठेवलंय. मी झाकण लावून टाकलं. आज सकाळीच पुन्हा म्हणाले होते, "ह्या तोफांपुढे काही चालत नाही बुवा," आणि सेटबरोबर खाली खाली जात राहिले.

ता. क. ३. आशा दिवाळीला सासरी गेल्याचं हिरामणने सांगितलं होतंच. तेव्हा दादा, हे तूच वाचतो आहेस. वहिनींना वाचून दाखवताना माझी वाक्यं गाळू नकोस. टिफिनावरचं फडकं काढ. सेट नेहमीच्या जागी लावू नकोस, थोडा खाली लाव, शतपावलीच्या वाटेवर. हे तिथूनच जातात, पण रोज एकटेच. आणि भेटलात तर तोफांबद्दल काही विचारू नकोस. आमच्याकडे रोज धिरडी चालली आहेत, ह्यांना ते कोणाला तरी सांगायचं आहे.